फुलपाखराला नाव देताना



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की सरांचा रस्ता चुकला. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आता फुलपाखरांवर बोलायला उभे राहिले. शंका रास्त आहे. मी कीटकशास्त्रज्ञ नाही. निवृत्तीनंतर गुडघे साथ देत होते तोवर गड चढलो, ते कुरकुरायला लागले तेव्हा गडाच्या पायथ्याशी थांबायला लागलो. थांबलेल्या माणसाला पायाजवळचं दिसतं. तिथे फुलपाखरं भेटली. तेव्हापासून पुण्यातल्या एका हौशी गटाबरोबर वर्षातून एकदा तरी सह्याद्रीत जातो. कॅमेरा गळ्यात, पुस्तक पिशवीत, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून दिवसभरात दिसलेल्या जातींची यादी करायची, असा आमचा परिपाठ.

या यादीत मी एकदा एक चुकीचं नाव घातलं. आज त्या चुकीबद्दल बोलणार आहे. ती चूक कशी झाली हे शोधताना माझ्या लक्षात आलं की जे न्यायशास्त्र मी तीस वर्षं वर्गात शिकवलं, ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. त्यामुळे आज थोडं फुलपाखरू आणि थोडं न्यायशास्त्र. एक कळलं की दुसरं सोपं होईल.

आंबोलीची सकाळ

ऑक्टोबर महिना, आंबोली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडीच्या वर घाटमाथ्यावर वसलेलं गाव. पाऊस ओसरलेला असतो, पण ओहोळ वाहते असतात, रानफुलं असतात, आणि सकाळी नऊच्या सुमाराला ऊन जमिनीला लागलं की फुलपाखरं पंख उघडून बसतात. त्यांचं अंग थंड असतं, उडण्याआधी ते तापवावं लागतं. फोटो काढणाऱ्यासाठी हीच सगळ्यात चांगली वेळ.

आम्ही चौदा जण होतो. हिरण्यकेशीच्या वाटेवर ओल्या मातीवर बसलेली फुलपाखरं पाहिली. याला चिखलपान म्हणतात. ओल्या मातीतले क्षार ती शोषून घेतात, आणि अशा घोळक्यात बहुतेक नर असतात. नीलवंतही दिसलं. नीलवंत म्हणजे ब्लू मॉर्मन, २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेलं. सगळे खूश होते.

दुपारी जेवण करून आम्ही उतरलो होतो त्या घराच्या परसात बसलो होतो. परसात कढीपत्त्याचं झाड. त्याच्याभोवती एक मोठं काळं फुलपाखरू घिरट्या घालत होतं. पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे, मागच्या पंखांवर लालबुंद ठिपके. मी उठलो, चार फोटो काढले. त्यातला एक फारच सुंदर आला. पंख पूर्ण पसरलेले, लाल ठिपके चमकतायत. अंगाचा भाग एका पानाआड गेला होता, पण पंख असे दिसत असताना अंगाकडे कोण बघतं? मी जाहीर केलं, "क्रिमसन रोज!"

आमच्यात बारावीतली एक मुलगी होती, आईबरोबर आलेली. तिने तिच्या साध्या मोबाइलवर बाजूने एक फोटो काढला होता. तिचा फोटो धुरकट, माझा झकास. ती म्हणाली, "सर, याचं अंग काळं दिसतंय. पुस्तकात लाल दिलंय."

मी म्हणालो, "सावलीत तसंच दिसतं गं."

विषय संपला. संध्याकाळच्या यादीत क्रिमसन रोज लिहिलं गेलं. बाकीच्या बारा जणांनी माना डोलावल्या. ती मुलगी पुढचे दोन दिवस काही बोलली नाही. मोबाइलवर फोटो काढत होती, पण कुणाला दाखवत नव्हती. हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही. तिच्या आईने नंतर सांगितलं.

ते फुलपाखरू क्रिमसन रोज नव्हतं. ती कॉमन मॉर्मनची मादी होती.

रानात नाव कसं सापडतं?

आता जरा न्यायशास्त्राकडे वळू. न्यायदर्शन ज्ञानाची चार साधनं मानतं. त्यांना प्रमाणं म्हणतात. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातलं उपमान शिकवताना विद्यार्थी हमखास जांभया द्यायचे, कारण उदाहरण ठरलेलं. शहरातल्या माणसाने गवय नावाचा रानटी प्राणी पाहिलेला नाही. त्याला कुणी जाणकार सांगतो, "गवय गाईसारखा असतो." हा माणूस रानात जातो, गाईसारखा प्राणी बघतो, त्याला ते वाक्य आठवतं आणि तो ओळखतो, "हाच तो गवय." म्हणजे नाव आणि ते नाव ज्याचं आहे ती वस्तू, यांची गाठ पडते. ही गाठ पडणं हेच उपमानाचं फळ.

वात्स्यायनाने आपल्या भाष्यात याच जागी आणखी एक उदाहरण दिलंय, आणि ते मला जास्त आवडतं. औषधी वनस्पती शोधायला निघालेल्या माणसाला सांगतात, अमुक पाला मुगासारखा असतो, तमुक उडदासारखा. ते ऐकून तो रानात जातो आणि मुद्गपर्णी, माषपर्णी ओळखून आणतो.

आता सांगा, आपल्या हातातलं फुलपाखरांचं पुस्तक यापेक्षा वेगळं काय करतं? आयझॅक किहिमकरांचं पुस्तक घ्या किंवा १९५७ सालचं विंटर-ब्लाइथ यांचं जुनं पुस्तक घ्या. चित्र बघायचं, वर्णन वाचायचं, रानात जाऊन तसं दिसलं की म्हणायचं, हेच ते. भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आहेत, एकट्या पश्चिम घाटात तीनशेहून अधिक. इतक्या नावांच्या गाठी आपण सारखेपणाच्या आधारावर बांधतो. बहुतेक वेळा त्या बरोबर बसतात.

पण समजा, रानात असा एखादा प्राणी असेल ज्याचा सगळा जीव दुसऱ्यासारखं दिसण्यावरच टिकून आहे? तिथे सारखेपणावर भरवसा ठेवणारा माणूस फसणारच.

सारखेपणाचं सोंग

क्रिमसन रोज आणि कॉमन रोज या दोन फुलपाखरांच्या अळ्या सापसंदाच्या वेलीवर वाढतात. काही जण या वेलीला ईश्वरी म्हणतात. वेल विषारी. ते विष अळीच्या अंगात जातं आणि पुढे फुलपाखरातही राहतं. पक्ष्याने एकदा असं फुलपाखरू तोंडात घेतलं की त्याला अद्दल घडते. पुढे तो रंग दिसला की पक्षी लांब राहतो. लाल-काळा रंग ही एक प्रकारची पाटी आहे: मला खाऊ नका.

कॉमन मॉर्मनची अळी लिंबू, कढीपत्ता अशा झाडांवर वाढते. आपल्या परसातली, बाल्कनीतल्या कुंडीतली. तिच्यात ते विष नाही. तिचं फुलपाखरू पक्ष्याच्या दृष्टीने उत्तम खाऊ. पण तिच्या माद्या तीन रूपांत येतात. एक रूप नरासारखं, काळं आणि मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. त्याला सायरस म्हणतात. दुसरं स्टिकियस, हे कॉमन रोजसारखं दिसतं. तिसरं रोम्युलस, हे क्रिमसन रोजसारखं. खाण्यालायक प्राण्याने न खाण्यालायक प्राण्याची पाटी गळ्यात अडकवून फिरायचं, असा हा प्रकार.

हे पहिल्यांदा नीट मांडलं हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने. १८४८ मध्ये तो आल्फ्रेड रसेल वॉलेसबरोबर ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेला आणि अकरा वर्षं तिथे राहिला. गोळा केलेली फुलपाखरं लावायला बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की वरून एकसारखी दिसणारी काही फुलपाखरं मुळात वेगवेगळ्या कुळांतली आहेत. उडताना ती वेगळी ओळखणं त्यालाही जमत नव्हतं. १८६२ मध्ये त्याने यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि आज या प्रकाराला त्याचंच नाव आहे, बेट्सची नक्कल.

कॉमन मॉर्मनचं कोडं पुढे वॉलेसने १८६५ मध्ये उलगडलं. त्याआधी या माद्यांची वेगवेगळी रूपं म्हणजे वेगवेगळ्या जातीच समजून त्यांना वेगवेगळी नावं दिली गेली होती. वॉलेसने दाखवलं की ही एकाच जातीच्या माद्यांची निरनिराळी रूपं आहेत. म्हणजे सख्ख्या बहिणी, पण एक बापावर गेलेली आणि दुसरी शेजारणीवर! आणि हे रूप ठरतं कसं, याचा शोध लागला २०१४ मध्ये. त्या संशोधनात कृष्णमेघ कुंटे हे आपले मराठी शास्त्रज्ञ अग्रभागी होते. डबलसेक्स नावाचा एक जनुक, जो एरवी नर-मादी घडवण्याचं काम करतो, तोच या माद्यांचं रूप ठरवतो, असं त्यांनी दाखवलं.

मी हे सगळं वाचलेलं होतं. माझी चूक अज्ञानातून झाली असती तर आज इथे उभं राहून सांगण्यासारखं काही नव्हतं. मला नक्कल माहीत होती, बेट्स माहीत होता, रोम्युलस हे नाव माहीत होतं. तरी समोर आल्यावर मी पक्ष्याइतकाच फसलो. पक्ष्याचं एक वेळ ठीक आहे. चुकून एखादं चांगलं भक्ष्य सोडलं तर त्याचा एक घास जातो, विषारी खाल्लं तर जिवावर बेततं. म्हणून शंका आली की सोडून देणं त्याच्या फायद्याचं. माझ्यावर अशी काय वेळ आली होती? माझ्याकडे झाड होतं, वेळ होता, पुस्तक होतं आणि खरं सांगणारी एक मुलगीही होती.

लक्षण आणि त्याचे तीन दोष

मग करायचं काय? याचं उत्तर आपल्याच परंपरेत आहे. नैयायिक सांगतात की सायंकाळी दूरवर काहीतरी उभं दिसतं, तेव्हा तो खुंट आहे की माणूस असा संशय का येतो? कारण उंची, उभेपणा हे दोघांचे समान धर्म आपल्याला दिसतात, पण वेगळं करणारा विशेष दिसत नाही. हात हलला तर माणूस, ढोली दिसली तर खुंट. संशय मिटतो तो विशेषाने.

पांढरे पट्टे आणि लाल ठिपके हे क्रिमसन रोज आणि रोम्युलस यांचे समान धर्म. विशेष कुठे आहे? अंगात. क्रिमसन रोजचं डोकं आणि पोट लाल असतं. रोम्युलसचं अंग काळं. कॉमन रोज आणि स्टिकियस यांच्यातही हाच भेद. पंखांची नक्कल साधली, अंगाची साधली नाही. आणि मी फोटो कशाचा काढला? पंखांचा.

लक्षण म्हणजे व्याख्या, ओळखीची खूण. तर्कसंग्रहाच्या परंपरेत लक्षणाचे तीन दोष सांगतात. गाईचं लक्षण "शिंगं असणं" असं केलं, तर म्हैसही त्यात येते. ही अतिव्याप्ती. "कपिला असणं" असं केलं, तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. "एका खुराची असणं" असं केलं, तर एकही गाय त्यात बसत नाही. हा असंभव.

फुलपाखरांत हे तिन्ही दोष पावलोपावली भेटतात. ग्रास यलो नावाची छोटी पिवळी फुलपाखरं घ्या. गवतावर सगळीकडे दिसतात. "पिवळं, काळ्या काठाचं" एवढ्यावर नाव दिलं की अतिव्याप्ती झालीच, कारण त्या वर्णनात अनेक जाती बसतात. त्यांच्यात भेद करायचा तर पंखांची खालची बाजू हवी. कॉमन ग्रास यलोच्या पुढच्या पंखाच्या मधल्या कोशात सहसा दोन खुणा असतात, थ्री-स्पॉटमध्ये तीन. फोटो फक्त वरून काढलेला असेल, तर पुढची चर्चा व्यर्थ.

अव्याप्तीचं उदाहरण म्हणजे कॉमन इव्हनिंग ब्राउन. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला ठळक डोळे असतात. कोरड्या दिवसांत तेच फुलपाखरू वाळल्या पानासारखं दिसतं आणि डोळे जवळजवळ नाहीसे होतात. "डोळे म्हणजे इव्हनिंग ब्राउन" असं घोकलेला माणूस हिवाळ्यात आला की समोरचं फुलपाखरू त्याला अनोळखी वाटतं.

असंभवाची गंमत तर आमच्याच गटात झाली. एका गृहस्थांनी सांगितलं, "या कुळातल्या फुलपाखरांना चारच पाय." निम्फॅलिड कुळाबद्दल ते बोलत होते. बघितलं तर खरंच चार दिसतात. पण पाय सहाच आहेत, पुढची जोडी आखडून छातीशी दुमडलेली असते. चार पायांचं फुलपाखरू जगात नाही.

प्लेन टायगर हे विषारी फुलपाखरू आणि त्याची नक्कल करणारी डॅनाइड एगफ्लायची मादी, ही जोडी सवड मिळाली की जरूर बघा. दोघी केशरी, पंखांची टोकं काळी. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, तर नक्कल करणारीच्या मागच्या पंखाच्या वरच्या काठाजवळ एकच. एवढा एक ठिपका तुम्हाला खरं सांगतो.

फोटो कशासाठी?

फोटो काढताना आपल्याला वाटतं की प्रत्यक्ष हातात आलं. फोटोत दिसतंय, आणखी काय पुरावा हवा? पण फोटो हे एका क्षणी, एका कोनातून, एका उजेडात झालेलं दर्शन आहे. ग्रेट एगफ्लायच्या नराच्या पांढऱ्या ठिपक्यांभोवतीची निळी-जांभळी झाक एका कोनातून झळाळते आणि दुसऱ्या कोनातून पार दिसेनाशी होते. दोन फोटो शेजारी ठेवले तर दोन वेगळी फुलपाखरं वाटतील.

म्हणून ओळखीसाठी फोटो काढायचे तर काही गोष्टी पाळाव्यात. पहिला फोटो लांबून काढून ठेवावा, मग जवळ जावं. उडून गेलं तर निदान काहीतरी हाती राहतं. वाकून, हळूहळू जावं आणि आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. सावली पडली की ते उडतं. पंखांची वरची बाजू, खालची बाजू, बाजूने अंग, आणि जमलं तर मिशा, असे वेगवेगळे फोटो काढावेत. कॅमेऱ्याची भिंग पंखाला समांतर ठेवली तर सगळा पंख रेखीव येतो, तिरकी धरली तर अर्धा पुसट होतो. ज्या झाडावर बसलंय त्या झाडाचाही एक फोटो काढावा. महागडी भिंगं असली तर उत्तम, नसली तर अडत नाही. माझ्या झकास फोटोपेक्षा त्या मुलीचा धुरकट फोटो पुरावा म्हणून सरस होता, कारण त्यात अंग होतं.

आणि गटाने गेलात तर आणखी एक. चौदा माणसं एका फुलपाखरावर तुटून पडली तर चौदा जणांना मिळून एकही फोटो मिळत नाही. आम्ही आता एकेकाने पुढे जायचं ठरवलंय, बाकीचे मागे थांबतात. फुलपाखराला हात लावायचा नाही, पंखांवरचे खवले बोटाला लागून येतात. ते स्थिर बसावं म्हणून त्याला गारव्यात ठेवणारे लोकही मी पाहिलेत. तसा फोटो आमच्या यादीत घेतला जात नाही.

झाड काय सांगत होतं?

तिसरं प्रमाण अनुमान. धूर दिसला की अग्नी असणार, हे तुम्ही शाळेत ऐकलेलं आहे. माझ्या समोरचं फुलपाखरू कढीपत्त्याभोवती घिरट्या घालत होतं. नंतर त्या मुलीचे बाकीचे फोटो मी पाहिले. एकात ते कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर बसलंय आणि पोटाचं टोक पानाला टेकवलंय. अंडं घालतंय! क्रिमसन रोजची मादी कढीपत्त्यावर अंडं कशाला घालेल? तिची अळी त्या पानावर जगणारच नाही. तिला सापसंदच हवा. म्हणजे अंग दिसलं नसतं तरी झाडावरून नाव कळायला हवं होतं. धूर समोर होता, मला अग्नी आठवला नाही, कारण माझं नाव आधीच ठरलं होतं. एकदा नाव ठरलं की त्याविरुद्ध जाणारं काही दिसलं तरी आपण त्याला वळसा घालतो. "सावलीत तसंच दिसतं" हे माझं वाक्य म्हणजे असाच एक वळसा होता.

शब्द कोणाचा मानायचा?

चौथं प्रमाण शब्द, म्हणजे आप्तवाक्य. आप्त कोण? ज्याला विषयाचं खरं ज्ञान आहे आणि जो ते आहे तसं सांगतो, तो आप्त. वय, हुद्दा, पांढरे केस यांचा त्या व्याख्येत उल्लेख नाही. त्या दुपारी परसात आप्त कोण होतं? बारावीतली मुलगी. आणि बारा जणांनी कुणाचा शब्द मानला? माझा. कारण मी "सर" होतो.

यादीत क्रिमसन रोजपुढे चौदा जणांची सही होती असं म्हटलं तरी चालेल. पण चौदा जणांनी स्वतंत्रपणे बघितलं असतं तर ते चौदा साक्षीदार झाले असते. तेरा जण माझ्यावर विसंबले, तेव्हा साक्षीदार एकच होता, आणि तोही पंखांना भुललेला. आज संगणकावर, मोबाइलवर फोटो टाकले की लोक मतं देतात, पुरेशी मतं जुळली की नाव पक्कं धरलं जातं. सोय चांगली आहे, मीही वापरतो. पण आधीच्या माणसाने नाव लिहिलंय म्हणून तेच लिहिणं हे नवं मत नसतं, ती जुन्या मताची नक्कल असते. बेट्सची नक्कल फुलपाखरांतच राहत नाही म्हणायची!

तुम्ही म्हणाल, एका नावाचं एवढं काय? क्रिमसन रोजचं नाव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत होतं. एखाद्या ठिकाणी ते दिसलं अशी नोंद होते, तेव्हा ती नोंद कुणीतरी, कधीतरी वापरणार असतं. आमची यादी दुसऱ्या एका गटाने पुढच्या वर्षीच्या सहलीच्या माहितीपत्रकात जशीच्या तशी छापली. परसातलं ते झाडसुद्धा त्यात होतं, "इथे क्रिमसन रोज दिसतं" म्हणून. आंबोलीत क्रिमसन रोज असेलही, त्याबद्दल माझा वाद नाही. पण मी पाहिलेलं ते नव्हतं, आणि माझ्या नावाने ते छापलं गेलं.

शेवटी

सहा महिन्यांनी जुने फोटो लावताना मला सगळ्यांनी टाकलेले फोटो एकत्र दिसले. तिचा धुरकट फोटो मोठा करून पाहिला. काळं अंग. सावलीबिवली काही नाही. मग कढीपत्ता आठवला. त्या रात्री झोप लागली नाही हे तुम्हाला थोडं अतिशयोक्तीचं वाटेल, पण वयाच्या सत्तरीनंतर झोप तशीही कमीच लागते.

सकाळी मी तिच्या आईला फोन केला, मुलीला द्यायला सांगितलं. म्हणालो, "बाळ, तू बरोबर होतीस. अंग काळंच होतं. मी बघितलं नाही आणि तुलाही बघू दिलं नाही." ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "सर, मला वाटलं मलाच नीट बघता येत नाही."

माझ्या चुकीची खरी किंमत ही होती. यादीतलं नाव खोडता येतं, आणि ते मी खोडलं. त्या दुसऱ्या गटालाही पत्र लिहून कळवलं. पण जिने नीट बघितलं होतं, तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा मी सहा महिने काढून घेतला होता. शिक्षकाच्या हातून याहून वाईट काय व्हायचं?

त्यानंतर आमच्या यादीत एक रकाना वाढला. नावाच्या शेजारी प्रश्न लिहिलेला असतो: "कशावरून?" अंग लाल होतं, कोशात तीन खुणा होत्या, सापसंदावर अंडं घालताना पाहिलं, असं काहीतरी त्यात लिहावं लागतं. काहीच लिहिता आलं नाही तर नावाच्या जागी "ग्रास यलो, जात नक्की नाही" असं लिहायचं. सुरुवातीला लोकांना हे कमीपणाचं वाटायचं. आता सहलीवर गेलो की यादीतल्या पाच-सहा नोंदी तरी तशा असतात, आणि त्याच नोंदींवर रात्री सगळ्यात जास्त गप्पा रंगतात. रकाना भरायची जबाबदारी त्या मुलीने घेतलीय. मी नाव सांगितलं की ती वही घेऊन समोर उभी राहते आणि विचारते, "सर, कशावरून?"

आणि मला उत्तर द्यावं लागतं. कधीकधी मी म्हणतो, "नक्की नाही गं." ती तसंच लिहून घेते.